काळं दळण

काळघाट खाण,
येरमाळ्याच्या वर
६ नोव्हेंबर २०२२

अक्का,
शरणार्थ.

पोचलो एकदाचे. इथं फोनला रेंज न्हाय, आन असती तरी तुमाला फोनवर ऐकू येत न्हाय, म्हणून कागदच बरा. टँकरवाला आठ दिवसाला पाणी घेऊन वर येतो. त्याच्याकडं पत्र दिलं की तो येरमाळ्याच्या टपालपेटीत टाकतो.

तुमी रागावला होतात, गिरणी बंद पडली म्हणून काय रानात जायाचं का म्हणून. पण अक्का, बेंबळीत घरोघर घरघंट्या आल्या. आपल्या गिरणीत दळण घेऊन येतंय कोण? आन गंमत बघा, इथं पुन्हा गिरणीच मिळाली. ज्वारीच्या जागी दगड, एवढाच फरक. डोंगराच्या पोटात काळ्या दगडाची एक पट्टी हाय, मँगनीज म्हणतात. लई न्हाय, आपल्या गावच्या तळ्यात मावंल एवढी. म्हणून मोठं कुणी आलं न्हाय, हा एक बारका ठेकेदार आलाय. दोन-तीन वर्षांत उकरून जाईल. दगड फोडायचा, गिरणीत दळायचा, चाळून पोत्यात भरायचा. बॅटरीच्या सेलात घालतात म्हणे. दळायचं मी, चाळायचं तुमच्या भावजयीनं, महेश्वरीनं. राहायला शेडला लागूनच खोली दिलीय.

बाकी डोंगर चांगला हाय, धावडा, पळस, सीताफळी. पण खरं सांगू का, पहिल्या दिवसापासून छातीत धाकधूक हाय. पत्र्याच्या शेडजवळ एक पाखरू बसत न्हाय. आन माझ्या आधी गोरोबा म्हणून एकजण गिरणीवर होता, त्याला डोंगरआईनं धरलं म्हणतात. वरच्या अंगाला तिचं ठाणं हाय, शेंदूर लावलेला दगड. गोरोबाच्या अंगात वारं आलं ते गेलंच न्हाय. काम सुटलं, घरी बसला.

मुकादम भीमाशंकर माणूस बरा हाय. त्यानं नाकातोंडाला बांधायला फडकं दिलंय. बांधू का? आपल्यात कुणी बांधलं न्हाय म्हणून विचारतो.

तुमचा,
सिदू


बेंबळी
२० नोव्हेंबर २०२२

चि. सिद्धाराम,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखनाचे पार बारा वाजवलेस रे! मी सदतीस वर्षं शाळेत ज्याला त्याला 'नाही' लिहायला शिकवलं आणि माझा सख्खा भाऊ 'न्हाय' लिहितो. अक्षर मात्र आहे तसंच आहे, टपोरं, तुरीच्या दाण्याएवढं. चौथीत माझ्या हातच्या छड्या खाल्ल्यास त्या वाया गेल्या नाहीत, एवढंच समाधान.

आता ऐक. अंगात वारं आणि डोंगरआईनं धरलं, या गप्पा माझ्यापुढं नकोत. महालिंगप्पांचा मुलगा आहेस तू. अप्पांनी चाळीस वर्षं गिरणी चालवली, भ्यायले कधी? आणि फडकं कसलं बांधतोस बायकांसारखं? पिठापुढं तोंड झाकलं की लक्ष्मी पाठ फिरवते, असं म्हणायचे अप्पा. पांढरी भुवई, पांढरी मिशी घेऊन गावभर ताठ फिरायचे. काम करायचं तर अप्पांसारखं कर. चिमूट बोटांत चोळून बघायची, मग जिभेच्या टोकावर ठेवायची, कणी लागली की गिरणीच्या दगडांना टाकी लावून घ्यायची. पीठ असो नाहीतर दगड, बारीक ते बारीकच. आणि गिरणीच्या पेटीत पडलेलं दळण अर्धं सोडायचं नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा अप्पांनी कुणाच्या तरी पायलीभर ज्वारीचं दळण पुरं केलं, मगच पट्टा उतरवला, हे तुला आठवणार नाही, तू तेव्हा माझ्या कडेवर होतास.

काळ्या धुळीला घाबरू नकोस. महेश्वरीला आशीर्वाद. ती काही लिहीत का नाही?

तुझी,
रुद्रम्माक्का


काळघाट खाण
११ मार्च २०२३

अक्का,
शरणार्थ.

पत्राला उशीर झाला, माफी करा. काम लई हाय. तुमी सांगितलं तसंच करतो. चिमूट जिभेवर ठेवून बघतो, मुकादम खूश हाय. म्हणतो, असा बारीक माल इथं आजपतोर निघाला न्हवता. फडकं महेश्वरीनं चहा गाळायला घेतलं.

पण एक सांगायचंय, हसू नका. मंगळवारी गोरोबा डोंगरआईच्या ठाण्याला आला होता. अक्का, माणूस माझ्याच वयाचा. पायाच्या चवड्यावर चालतो, टाच टेकतच न्हाय, कोंबडा चालतो तसा. तोंडावर काही म्हणता काही न्हाय. डोळे उघडे, पण आत कुणी बसल्यागत वाटत न्हाय. आन एकदम हसायला लागला. हसण्यासारखं कुणी काही बोललं न्हवतं. हसता हसता डोळ्यातून पाणी. बायका पाया पडल्या, कुणी खण लावला. त्याची बायको गजराबाई मला म्हणाली, "दादा, आई आली तेव्हा आमी पेढे वाटले. आता तिला जायला सांगावं म्हणते, तर ती जात न्हाय."

मी त्याच्याकडं बघत उभा व्हतो तर त्यानं माझ्याकडं बघितलं. मला एकदम हुडहुडी भरली. ऊन मी म्हणत होतं तरी.

महेश्वरी म्हणते मी झोपेत हसतो. मी कुठं हसतो? तिचं आपलं काहीतरी. झोप नीट लागत न्हाय एवढं खरं. काळजी करण्यासारखं काही न्हाय.

सिदू


बेंबळी
९ एप्रिल २०२३

चि. सिद्धाराम,

दोन गोष्टी विचारते, सरळ उत्तर दे.

एक, अक्षर एवढं बारीक का केलंस? कागद महाग झाला का डोंगरावर? सुरुवातीच्या ओळी बऱ्या आहेत, खाली खाली येताना अक्षरं आखडत गेलीत. माझा चष्मा परवाच बदललाय, तरी 'हुडहुडी' हा शब्द मी तीनदा वाचला.

दुसरं. परवा येरमाळ्याच्या बाजारात आपल्या भावकीतला बिराप्पा गेला होता. त्यानं तुला एस.टी. स्टँडवर बघितलं. म्हणाला, सिदू मागं सरकायला गेला आणि धपकन पडला, उठताना हसत होता, आणि बोलताना शब्द तोंडात चघळत होता. सिद्धाराम, तू घ्यायला लागलास का? आपल्या सात पिढ्यांत कुणी थेंब तोंडाला लावला नाही. अंगावर इष्टलिंग आहे तुझ्या. खरं असेल तर मला तोंड दाखवू नकोस.

खोटं असेल तर लगेच तसं लिही.

रुद्रम्मा


काळघाट खाण
१ ऑगस्ट २०२३

अक्का,

तुमचं पत्र वाचून चार महिने लिवलं न्हाय. राग आला व्हता. मग राग गेला आन भीती उरली. अप्पांची शपथ, गळ्यातल्या लिंगाची शपथ, मी एक थेंब घेतलेला न्हाय.

दारू असती तर बरं झालं असतं. सोडता तरी आली असती.

अक्का, आई माझ्या अंगात आलीय. आता लपवून उपयोग न्हाय. हात थरथरतो. चालताना पाय आपोआप चवड्यावर जातो, मागं पाऊल टाकलं की तोल जातो. आन हसू येतं. लोकं बसलेली असतात, मी हसतो, मला थांबवता येत न्हाय. ते हसू माझं न्हाय अक्का. आतून मी ओरडत असतो, बाहेर तोंड हसतं. मग रडू येतं, तेही माझं न्हाय.

आता मंगळवारी मला ठाण्यापुढं पाटावर बसवतात. भीमाशंकर म्हणतो, गिरणीवर आईची मर्जी हाय, ज्याच्या हातून तिचं काळं सोनं दळलं जातं त्याच्यातच ती येते. मजूर गिरणीला नारळ फोडतात. आपल्यापेक्षा मोठी माणसं पाया पडतात, मी पाय मागं घ्यायला जातो तर पडतो. मला नको हे. पण आईला नको म्हणायचं कसं? गोरोबाची बायको म्हणाली व्हती, जायला सांगितलं तर जात न्हाय.

तुमी इकडं येऊ नका. तुमाला धरलं तर मी काय करू.

सिदू


काळघाट खाण
२४ सप्टेंबर २०२३

अक्का,
महेश्वरीचा शरणार्थ.

तुम्ही विचारलं होतं मी लिहीत का नाही. लाज वाटते म्हणून. माझं अक्षर बघा की, पाचवीतल्या पोरीसारखं गरगरीत मोठं. आमच्या मुरूमच्या कन्नड शाळेत मराठी बाई असंच शिकवायच्या. एका ओळीत चार शब्द बसतात, दोन कागद लागतील. हसू नका.

ह्यांनी तुम्हाला सगळं लिहिलं नसणार. सदऱ्याची गुंडी आता मी लावते. ताटातला घास तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा सांडतो. परवा उतारावर मागं जाताना पडले, डोक्याला खोक पडली. रक्त येत होतं आणि हे हसत होते. मी पुसत होते आणि मला त्यांचं भ्या वाटत होतं, अक्का. नवऱ्याचं भ्या वाटलं मला. असं लिहू नये, पण वाटलं.

तरी रोज शेडमध्ये जातात. थरथरत्या हातानं चिमूट जिभेवर ठेवतात. एवढं एक काम अजून नीट जमतं.

मी ठाण्याला पाच मंगळवार केले. काही फरक नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच काहीतरी सांगा. हे पत्र मी लिहिलंय ते ह्यांना सांगू नका.

महेश्वरी


बेंबळी
१९ ऑक्टोबर २०२३

चि. सिद्धाराम आणि चि. सौ. महेश्वरी,

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचा. महेश्वरी, तू मोठ्यानं वाच.

माझी जुनी विद्यार्थिनी मंजुषा सोलापूरला मेंदूच्या नसांची डॉक्टर आहे. सिदूची सगळी पत्रं पिशवीत घालून मी तिच्याकडं गेले. मला वाटलं होतं ती म्हणेल, बाई, पेशंट आणा, पत्रं काय आणलीत. पण तिनं टेबलावर पत्रं एकाखाली एक लावली, कंपासमधली फूटपट्टी काढली आणि अक्षरांची उंची मोजली. नोव्हेंबर, मार्च, ऑगस्ट. पट्टीवर ती उतरतच गेली होती. ऑगस्टच्या पत्रातल्या शेवटच्या ओळी खसखशीएवढ्या आहेत. मग तिनं एकच विचारलं, "बाई, हे काका कशाची धूळ खातात?"

सिदू, तुझ्या अंगात आई आलेली नाही. तो दगड आलाय. मँगनीजची पूड नाकातोंडानं आत गेली की मेंदूत जाऊन बसते. हात थरथरतो, अक्षर बारीक होतं, माणूस चवड्यावर चालतो, मागं पडतो, उगाच हसतो, उगाच रडतो. गोरोबाचंही तेच. तुमच्या आईचा यात काडीचा दोष नाही, तिला उगीच बोल लावू नका.

दोष कुणाचा ते मी सांगते. तू मला विचारलं होतंस, फडकं बांधू का. मी नको म्हणाले. जिभेवर ठेवून बघ म्हणाले. माझ्या त्या पहिल्या पत्राची नक्कल नाही माझ्याकडं, पण प्रत्येक शब्द पाठ आहे मला. दोन दिवस झाले, मी जेवायला बसते आणि जिभेला काही लागतच नाही. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं काढल्या, आणि स्वतः ही चूक केली. रागव माझ्यावर. शिव्या घाल. पण खाली ये.

मंजुषा म्हणते, गेलेलं सगळं परत येणार नाही. पण जेवढं लवकर खाली याल तेवढं वाचेल. एकेक दिवस मोजून वाचतोय, असं ती म्हणाली. पत्र मिळताच दोघं निघा. सामान राहू द्या.

तुमची,
अक्का


काळघाट खाण
१२ नोव्हेंबर २०२३

अक्का,

तुमची चूक न्हाय. अप्पा करायचे तेच सांगितलंत.

शेवटचा ढीग राह्यलाय. पेटी भरलीय. दळण अर्धं टाकून कसं येऊ. अप्पा काय म्हणतील. एवढं झालं की येतो.

सि


बेंबळी
५ डिसेंबर २०२३

चि. सौ. महेश्वरी,

सिदूला वरून घेऊन मी सुखरूप पोचले. येरमाळ्यापासून गाडीत सिदू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. मधेच हसला, तेव्हा समोरची बाई जागा बदलून गेली. मी तिला काही बोलले नाही. पूर्वी बोलले असते.

त्या दिवशी शेडमध्ये मी जे केलं त्याचा तुला राग आला असेल. गिरणी चालू असताना मी बटण बंद केलं आणि अप्पांच्या मुलीच्या हातानं पट्टा उतरवला, पेटी निम्मी भरलेली असताना. सिदू लहान पोरासारखा रडला, आणि मला कळेना की हे त्याचं रडू की दगडाचं. तू सुद्धा तोंडाला पदर लावून बाजूला झालीस. मी बघितलं ते. भीमाशंकर म्हणाला, बाई, आई कोपेल. मी म्हणाले, कोपू दे, माझ्यावर कोपू दे.

तू हिशेब-किल्ल्या देऊन, भांडीकुंडी आवरून आठ दिवसांत येते म्हणालीस. मी आठ दिवस मोजतेय. मंजुषानं सिदूला गोळ्या दिल्यात, व्यायाम दिलाय. रोज सकाळी मी त्याला दुरेघी वहीत बाराखडी गिरवायला देते. पुन्हा चौथीत बसवलाय. काल 'क' रेघेला टेकला, तर दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो तुझी वाट बघतो. तोंडावर दिसत नाही, पण गाडीचा हॉर्न वाजला की मान वळवतो. लवकर ये.

अक्का


काळघाट खाण
१६ फेब्रुवारी २०२४

अक्का,
महेश्वरीचा शरणार्थ. तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, मारायचं तर मारा. ह्यांची बाराखडी कुठवर आली ते वाचून बरं वाटलं, आणि 'ज्ञ' पर्यंत जाऊन हात पुन्हा आखडतो हे वाचून रडू आलं. अक्का, खरं सांगते, मी आवराआवर करायला थांबले नव्हते. तुम्ही पट्टा उतरवलात ते माझ्या मनाला लागून राहिलं. सासऱ्यांच्या गिरणीत मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला हेच सांगितलं होतं, पेटीतलं अर्धं सोडायचं नाही, सोडलं की घरातलं कुणीतरी अर्धं राहतं. आणि बघा, हे अर्धेच राहिले की. डॉक्टरीणबाई म्हणतात दगडाचं, असेल दगडाचं, त्या शिकलेल्या आहेत. पण माझं मन म्हणतं, त्यांचं दळण मी पुरं केलं तर त्यांचा हात पुरा होईल. म्हणून तुम्ही गेलात त्याच दिवशी पट्टा मी परत चढवला. मुकादमही म्हणाला, एवढा ढीग उरकून दे. मी गिरणीची बाई आहे, मला येतं. काही काळजी करू नका, मी फडकं बांधते. फक्त बारीक झालं का बघायचं तेव्हा तेवढं खाली करते, एक चिमूट, ते जिभेशिवाय कळत नाही. चाळण तर मी पहिल्यापासून करतेच आहे सव्वा वर्ष, मला कुठं काय झालंय? मंगळवारी बायका येतात, माझ्या ओटीत नारळ घालतात, म्हणतात आई आता बाईच्या अंगात यायला राजी दिसते. मला हसूच येतं, अक्का. काल तर एवढं हसू आलं की थांबेना, पोटात दुखलं. ढीग आता थोडाच राहिलाय, महिना, फार तर दीड महिना. ह्यांना सांगा, तुमचं दळण पुरं होत आलंय.
महेश्वरी


बेंबळी
२३ फेब्रुवारी २०२४

महेश्वरी,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. येरमाळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतेय, तो टँकरवाल्याला देईल. टँकर उद्या वर चढतो. मी परवा पोचेन, सिदूजवळ बसायला बिराप्पाच्या बायकोला बोलावलंय. पण तो मधला एक दिवससुद्धा मला नकोय, म्हणून हे पत्र.

तुझं पत्र काल आलं. पाकीट फोडलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, तू निम्माच कागद पाठवलास. मागच्या वेळी थोडक्या मजकुराला दोन कागद लागले होते तुला, गरगरीत अक्षर म्हणून लाजली होतीस. आता दुप्पट मजकूर एका बाजूला बसवलास, आणि खाली जागा उरली. पहिली ओळ मी चष्म्यानं वाचली. शेवटच्या दोन ओळी वाचायला मंजुषानं सिदूसाठी दिलेलं भिंग घ्यावं लागलं.

मग मी ते पत्र काही न सांगता सिदूच्या हातात दिलं. मला वाटलं माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांची चूक असेल. त्यानं कागद बराच वेळ बघितला. मग मला विचारलं, "अक्का, हे मी कधी लिहिलं?"

पोरी, मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. आत्ताच्या आत्ता बटण बंद कर. फडकं बांधून करते, महिन्यात संपवते, चिमूटभरच खाते, काही ऐकायचं नाही मला. पट्टा उतरवायला हात लावू नकोस, शेडमध्ये पुन्हा जाऊच नकोस, मी येऊन उतरवेन. तोंड धू, कपडे बदल आणि टँकरच्या पुढच्या सीटवर बसून खाली ये. येरमाळ्यात देवीच्या देवळात रात्र काढ, परवा तिथूनच मी तुला घेईन. अप्पांचा नियम मोडल्याचं पाप लागायचं असेल ते माझ्या नावावर लागू दे. नियम त्यांनी ज्वारीसाठी केला होता, आणि तो दगडाला लावायला मी सांगितलं.

सिदूला हे सगळं समजावून सांगितलं. मग त्यानं खूण करून पेन मागितलं. खालची ओळ त्याची आहे. मी दुरेघी आखून दिली आणि बाजूला बसले. ती लिहून होईस्तोवर चहा गार झाला. एक अक्षरही रेघेच्या आत आखडू दिलं नाही त्यानं.

अक्का

महेश्वरी दळण अर्ध सोड